बसतं, पण चालत नाही: मॅक प्लस आणि एसईसाठी माऊस आणि सिस्टिम डिस्क घेताना

ॲपलचा १९८० च्या दशकातला संगणक मॅकिंटॉश प्लस किंवा एसई हाती लागतो तेव्हा तो बहुधा बोडकाच असतो. माऊस केव्हाच वेगळा विकला गेलेला, कीबोर्ड असला तर नशीब, आणि सिस्टिम डिस्कचा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फ्लॉपींचा, डबा कुठल्या तरी घरबदलात गेलेला. मशीन चालू केलं की राखाडी पडद्यावर फ्लॉपीचं चित्र आणि त्यात लुकलुकणारं प्रश्नचिन्ह, एवढंच दिसतं. हा बिघाड नव्हे. सुरू व्हायला सिस्टिम कुठे आहे, एवढंच मशीन विचारतंय. मग खरेदी सुरू होते आणि पैसे इथंच वाया जातात. प्लसचा माऊस नऊ पिनांचा आहे, आणि नऊ पिनांचे माऊस ढिगाने मिळतात. फ्लॉपी साडेतीन इंची आहे, आणि त्याही ढिगाने मिळतात. जवळपास सगळ्या तिथं बसतात. चालतात फार थोड्या.

म्हणून काहीही मागवायच्या आधी मशीनच्या मागचं लेबल वाचा. जानेवारी १९८६ मध्ये आलेल्या प्लसला नऊ पिनांचा माऊस लागतो आणि त्याचा ड्राइव्ह ८००केचा, म्हणजे ८०० किलोबाइटच्या फ्लॉपीचा, आहे. मार्च १९८७ च्या एसईला एडीबी (ॲपल डेस्कटॉप बस), म्हणजे चार पिनांचा गोल प्लग लागतो. ड्राइव्ह सुरुवातीला ८००केच होता. १९८९ पासूनच्या एसईवर 'एफडीएचडी' किंवा 'सुपरड्राइव्ह' लिहिलेलं असतं आणि तो १.४४ एमबीची फ्लॉपीही वाचतो. हे लेबल तुमचे बरेच पैसे वाचवू शकतं. कसे ते पुढे येईलच. लेबल वाचताय तर व्होल्टेजही वाचून घ्या. अमेरिकेत विकलेला प्लस १२० व्होल्टचा आहे. आपल्याकडच्या सॉकेटला तो थेट लावला तर पुढचा लेख वाचायची गरज उरणार नाही.

प्लसचा माऊस

पहिली पसंती अर्थातच ॲपलचा मूळ चौकोनी माऊस. पोटावर 'एम०१००' छापलेलं असतं. आधीचा मातकट रंगाचा आणि नंतरचा राखाडी, दोन्ही चालतात. ॲपल टूसी संगणकाचा माऊसही प्लसला चालतो आणि अनेकदा स्वस्त पडतो, कारण 'मॅक' हा शब्द त्याच्या जाहिरातीत नसतो. विक्रेत्याकडे प्लगचा फोटो मात्र हट्टाने मागा. पहिला एडीबी माऊस वरून पाहिला तर याच घराण्यातला वाटतो आणि 'जुन्या मॅकचा माऊस' म्हणून सर्रास विकला जातो.

ॲमिगा किंवा अटारी एसटीचा माऊस का चालत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण प्लग हुबेहूब तोच आहे आणि आत संकेतही त्याच जातीचे आहेत: आडव्या हालचालीचे दोन, उभ्या हालचालीचे दोन. फरक पिनांच्या वाटणीत आहे. मॅकवर पिन २ ला ५ व्होल्ट, पिन १ आणि ३ ला ग्राउंड. पिन ५ आणि ४ वर आडवे संकेत, म्हणजे एक्स१ आणि एक्स२. पिन ९ आणि ८ वर उभे, वाय१ आणि वाय२. पिन ७ वर बटण. ॲमिगा आणि अटारीच्या माऊसला ५ व्होल्ट हवे असतात पिन ७ वर आणि ग्राउंड पिन ८ वर. म्हणजे तो मॅकला लावला की त्याला वीज मिळतच नाही, उलट त्याच्या संकेताच्या तारांपैकी एकीवर ५ व्होल्ट येतात आणि दोघींवर ग्राउंड. माऊस जळाला तर स्वस्तात सुटलात म्हणायचं. प्लग कापून तारा नव्या क्रमाने जोडल्या तर हेच माऊस मॅकवर चालतात. सुटा नऊ पिनी प्लग लॅमिंग्टन रोडवर सहज मिळेल. जुन्या पीसीचा सीरियल माऊस मात्र तारा बदलूनही चालणार नाही. तो हालचालीचे कच्चे संकेत देतच नाही, १२०० बॉडने तीन-तीन बाइटचे संदेश पाठवतो.

जुना एम०१०० आला आणि नीट चालत नाही, तर लगेच परत पाठवू नका. पोटावरची गोल चकती फिरवून उघडा, गोळा बाहेर काढा. आत दोन रोलर आणि दाब देणारं एक छोटं चाक असतं. रोलरच्या बरोबर मध्यावर मळाचा काळा पट्टा जमलेला असतो, जवळजवळ नमद्यासारखा. तो आधी लाकडी टूथपिकने खरवडायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसायचा. धातूचं टोक वापरू नका. रोलरवर ओरखडा गेला की कर्सर त्याच जागी कायम अडखळतो. गोळा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

साफ करूनही सुधारणा नसेल, तर कर्सर कसा वागतोय ते बघा. मॅकमध्ये एक्स१ बदलला की प्रोसेसरला खबर जाते, आणि त्या क्षणी एक्स२ ची पातळी बघून डावं की उजवं ते ठरतं. म्हणून एक्स१ ची तार तुटली असेल तर कर्सर आडवा हलतच नाही. एक्स२ तुटली असेल तर तो जागच्या जागी थरथरतो, एक घर डावीकडे, एक घर उजवीकडे, आणि कुठेच जात नाही. उभ्या दिशेलाही हेच. तार तुटते ती बहुधा केबल माऊसमधून बाहेर पडते तिथेच. तिथली दोन-तीन सेंटिमीटर केबल कापून टाकून पुन्हा डाग दिला की बहुतेक माऊस जिवंत होतात.

दोष माऊसचा की मशीनचा, हे मॅक न लावताही कळतं. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट पिन २ ला, ग्राउंड पिन ३ ला द्या. मल्टिमीटर पिन ५ वर ठेवून गोळा अगदी हळू फिरवा: व्होल्टेज शून्याजवळून वर आणि पुन्हा खाली असं उड्या मारत राहिलं पाहिजे. मग ४, ८ आणि ९ वर तेच. बटण दाबल्यावर पिन ७ आणि ग्राउंड एकमेकांना जोडले गेले पाहिजेत, सोडल्यावर सुटले पाहिजेत. पाच मिनिटांचं काम आहे. जो विक्रेता 'चाचणी केलेला' असं लिहितो त्याला यातलं नेमकं काय केलं ते विचारायला हरकत नाही.

नवा यूएसबी माऊस अडॅप्टरमार्फत लावायचा असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, अडॅप्टर ॲमिगा-अटारीसाठी बनवलेला असेल, तर वर सांगितलेला पिनांचा घोळ इथेही आहे. मॅकसाठी वेगळी केबल हवी. स्मॉलीमाऊस२ ही ओपन हार्डवेअर रचना चांगली आहे, पण तिच्यासोबत मॅकची केबल येईल असं गृहीत धरू नका. दोन, वेग कमी करायची सोय. मूळ माऊस एका इंचाला साधारण ९० ठोके देतो. आजचा माऊस १००० किंवा जास्त देतो, आणि मॅकचा पडदा आहे ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा. वेग न कापता तो जोडला तर बोटभर हलवताच कर्सर पडद्याच्या कडेला जाऊन आपटतो, शिवाय प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर हातातलं काम सोडून धावतो. आधुनिक माऊस हातात हवाच असेल तर ठीक. नाहीतर दुरुस्त केलेला एम०१०० यापेक्षा सरस आहे. मॅकपेंटमध्ये रेघ मारून बघा, फरक कळेल.

एसईचा माऊस

इथे डोकेदुखी कमी. एडीबी १९८६ ते १९९९ पर्यंतच्या ॲपलच्या मशीनवर होतं, त्यामुळे माऊस मुबलक आहेत आणि कुठल्याही वर्षाचा एडीबी माऊस एसईला चालतो. नंतरचा गोलसर 'डेस्कटॉप बस माऊस २' हाताला जास्त बरा. एडीबीची लांब केबल हवी असेल तर चार पिनी एस-व्हिडिओ केबल चालते. दोन्हींचे प्लग एकच आहेत. पीसीचा पीएस/२ माऊस मात्र सहा पिनांचा आहे. तो रेटून बसवायच्या प्रयत्नात पिना वाकतात, कधी सॉकेटही फुटतं.

मशीन चालू असताना एडीबी प्लग काढू-घालू नका. यूएसबीची सवय लागलेल्या हाताला हे जड जातं. त्याने मदरबोर्डवरचा फ्यूज किंवा एडीबीचा चिपच जातो, आणि मग कीबोर्ड, माऊस दोन्ही मुके.

यूएसबी माऊससाठी बिग मेस ओ' वायर्सचं वॉम्बॅट हे कन्व्हर्टर घ्यावं. ते दोन्ही दिशांनी चालतं: यूएसबी कीबोर्ड-माऊस जुन्या मॅकला, आणि जुना एडीबी कीबोर्ड आजच्या संगणकाला. खरेदी करताना दिशा नक्की बघा, कारण बाजारात फक्त दुसऱ्या दिशेचे, म्हणजे एडीबी ते यूएसबी असे स्वस्त कन्व्हर्टरही आहेत. ते एसईला लावून काही होत नाही.

ओघात कीबोर्डबद्दल एक: प्लसच्या कीबोर्डची गुंडाळीची वायर टेलिफोनच्या रिसिव्हरसारखी दिसते, प्लगही तोच. टेलिफोनची वायर उलट जोडणीची असते, मॅकची सरळ. टेलिफोनची लावली की कीबोर्डला ५ व्होल्ट आणि ग्राउंड उलटे पोचतात.

डिस्क आत घेते आणि थुंकते

सिस्टिम डिस्कवर पैसे खर्च करण्याआधी माऊसचं बटण तपासा. हा विषयांतराचा भाग नाही. मॅक सुरू होताना माऊसचं बटण दाबलेलं असलं तर तो आतली फ्लॉपी बाहेर टाकतो. तशी सोयच आहे. एम०१०० चं बटण आत अडकलेलं असलं, किंवा त्याचा स्विच कायमचा जोडला गेलेला असला, तर चांगली सिस्टिम डिस्कही दर वेळी बाहेर येते. लोक मग डिस्क बदलत बसतात. माऊस काढून ठेवून मशीन सुरू करा. डिस्क आत राहिली तर दोषी कोण ते कळलं. चित्रात प्रश्नचिन्हाऐवजी फुली येऊन डिस्क बाहेर आली, तर मात्र तिच्यावर सुरू होण्याजोगी सिस्टिम नाही.

८००केचं कोडं

साध्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने ८००केची डिस्क ना वाचता येते, ना लिहिता येते. कितीही सॉफ्टवेअर घाला. पीसीची फ्लॉपी एकाच वेगाने फिरते आणि प्रत्येक ट्रॅकवर (चकतीवरच्या वर्तुळावर) सारखेच सेक्टर, म्हणजे डेटाचे तुकडे, असतात. मॅकचा जुना ड्राइव्ह बाहेरच्या ट्रॅकवर हळू आणि आतल्या ट्रॅकवर जोरात फिरतो. ८० ट्रॅकचे सोळा-सोळाचे पाच पट्टे, आणि त्यांत प्रत्येक ट्रॅकवर अनुक्रमे १२, ११, १०, ९ आणि ८ सेक्टर. एका बाजूला ८०० सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे ४००के. दोन बाजूंनी ८००के. वर डेटा नोंदवायची पद्धतही वेगळी. यूएसबी ड्राइव्हमधल्या चिपला हे सगळं परकं आहे.

सुपरड्राइव्ह असलेल्या मशीनवाल्यांनी इथे थांबावं, कारण त्यांचं काम झालं. १.४४ एमबीची डिस्क मॅकवरही पीसीच्याच पद्धतीने लिहिली जाते. साधा यूएसबी ड्राइव्ह, एचडी (१.४४ एमबीची) फ्लॉपी, आणि १४,७४,५६० बाइटची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल, जशीच्या तशी लिहायची. लिनक्सवर त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही.

८००केवाल्यांसमोर तयार डिस्कचा संच हा सगळ्यांत सोपा दिसणारा आणि सगळ्यांत बेभरवशाचा पर्याय आहे. कोऱ्या डीडी (८००केला लागणाऱ्या, कमी क्षमतेच्या) फ्लॉप्या दुर्मिळ झाल्यामुळे बरेच विक्रेते एचडी फ्लॉपीच्या भोकावर चिकटपट्टी लावून विकतात. दोन्हींचं चुंबकीय द्रव्य वेगळं आहे. एचडीवर ८००के ड्राइव्हच्या डोक्याने लिहिलेला मजकूर आज वाचला जातो, वर्षभराने जाईलच असं नाही. पट्टी निघाली आणि ती डिस्क सुपरड्राइव्हमध्ये घातली, तर तो भोक बघून तिला १.४४ ची समजतो आणि 'वाचता येत नाही, नव्याने फॉरमॅट करू का?' असं विचारतो. घाईत 'हो' म्हटलं की संच गेला. दुसरी तक्रार आवृत्तीची. प्लस १ एमबी मेमरीसह विकला गेला आणि सिस्टिम ७ ला किमान २ एमबी आणि व्यवहारात हार्ड डिस्क लागते, तरी 'प्लससाठी' म्हणून सिस्टिम ७ चे संच विकले जातात. फ्लॉपीवरून चालवायची असेल तर प्लस आणि एसई दोघांनाही सिस्टिम ६.०.८ हवी. ८००केवर तिचा पूर्ण संच चार डिस्कचा आहे. चालू करण्यापुरती सिस्टिम आणि फाइंडर (फाइली दाखवणारा प्रोग्रॅम) एका डिस्कवर मावतात. मेमरी ४ एमबी असेल आणि हार्ड डिस्क किंवा तिची नक्कल करणारा एम्युलेटर असेल, तर ७.५.५ पर्यंत जाता येतं, पण प्लसवर ती सिस्टिम चालत नाही, रांगते.

यापेक्षा फ्लॉपी इमू घ्या. वॉम्बॅट बनवणाऱ्यांचंच हे उपकरण. एसडी कार्डवरची इमेज ते मॅकला खऱ्या ड्राइव्हसारखी दाखवतं. शंभर डॉलरच्या वर जातं, वर टपाल आणि कस्टम. तरीही ८००के मशीनसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच. मागचा फ्लॉपीचा सॉकेट १९ पिनांचा आहे, आणि तो प्लग जगात जवळजवळ संपला होता. २०१६ मध्ये याच बनवणाऱ्याने इतर हौशी लोकांना सोबत घेऊन तो १०,००० नगांत नव्याने बनवून घेतला. स्वस्त गोटेक एम्युलेटर ॲमिगावर फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर घालून झकास चालतो म्हणून मॅकसाठी मागवू नका. तो ३४ पिनांच्या पीसी पद्धतीच्या केबलचा आहे, मॅकची अंतर्गत केबल २० पिनांची आणि संकेत वेगळे.

वापर असा. कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून इमेज टाका. फाइलचा आकार बघा: ८००केची कच्ची इमेज बरोबर ८,१९,२०० बाइट असते, डिस्क कॉपी ४.२ या ॲपलच्या प्रोग्रॅमची ८,१९,२८४ किंवा ८,३८,४८४. दुसराच कुठला आकडा दिसला तर ती अजून आवळलेली आहे किंवा अर्धवट उतरली आहे. सुट्या फाइली विंडोजवर उघडून कार्डावर टाकू नका. मॅकच्या फाइलचा रिसोर्स भाग तिथेच गळून पडतो आणि प्रोग्रॅम उघडत नाही. मशीन बंद असताना इमू लावा, मोड ८००के ठेवा, मशीन चालू करा, यादीतून सिस्टिमची इमेज निवडा. पडद्यावर हसऱ्या मॅकचं चित्र आलं की झालं. प्लस आणि मूळ एसईवर एचडी२० मोडही चालतो. त्यात इमू फ्लॉपीऐवजी हार्ड डिस्क बनतो आणि मशीन थेट तिच्यावरूनच सुरू होतं.

इमूचा खरा फायदा पुढे आहे. आतला ड्राइव्ह चालू असेल तर खऱ्या सिस्टिम डिस्क घरीच बनतात: इमूवरून मशीन सुरू करा, कोरी डीडी फ्लॉपी आत घाला, 'दोन बाजू' निवडून फॉरमॅट करा, मग इमेजच्या डिस्कचं चित्र ओढून फ्लॉपीच्या चित्रावर सोडा. पण त्याआधी ड्राइव्ह तपासा. त्याचं ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखं घट्ट झालेलं असतं आणि फ्लॉपी बाहेर ढकलणाऱ्या मोटरचा प्लास्टिकचा दाता तडकलेला असू शकतो. डिस्क अडकली तर शेजारच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-क्लिप घालून ढकला. जोर लागत असेल तर थांबा, नाहीतर वरचं डोकं डिस्कच्या झाकणात अडकून उपटलं जातं. मुंबई-कोकणातल्या कपाटांत पडून राहिलेल्या फ्लॉपींचं झाकण सरकवून आतली चकती उजेडात फिरवून बघा. पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. ती डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की डोक्यावर चढते आणि पुढची चांगली डिस्क खरवडते.

ग्रीझवीझल हे कमी खर्चाचं दुसरं साधन. ही लहानशी पाटी साध्या पीसी फ्लॉपी ड्राइव्हला यूएसबीने संगणकाशी जोडते आणि चुंबकीय बदल थेट लिहिते, त्यामुळे एकाच वेगाने फिरणाऱ्या ड्राइव्हवरही मॅकची ८००के डिस्क तयार होते. फक्त डीडी फ्लॉपी घाला, फॉरमॅट मॅकचा ८००के निवडा, आणि डिस्क कॉपी ४.२ ची इमेज असेल तर पहिल्या ८४ बाइट काढून पुढच्या बरोबर ८,१९,२०० ठेवा. जुनी भंगार पीसी उपलब्ध असेल तर ड्राइव्ह फुकटात पडतो.

ब्लूएससीएसआय हे हार्ड डिस्कची जागा घेणारं उपकरण स्वस्त आणि उत्तम आहे. प्लसला २५ पिनांची बाहेरची आवृत्ती लागते आणि तिला यूएसबी चार्जरने वेगळी वीज द्यावी लागते, कारण प्लसचा एससीएसआय (हार्ड डिस्क जोडायचा) पोर्ट ती पुरवत नाही. हा पोर्ट पीसीच्या जुन्या प्रिंटर पोर्टसारखाच दिसतो. प्रिंटरची केबल त्यात छान बसते. लावू नका.

आणि हातात आलेलं मशीन प्लस-एसई नसून १९९० चं मॅक क्लासिक निघालं, तर वरचं काहीही मागवण्याआधी कमांड, ऑप्शन, एक्स आणि ओ या चार कळा एकत्र दाबून ते चालू करा. सिस्टिम ६.०.३ त्याच्या रॉममध्येच आहे.